कॉपी ‘झाली’ म्हणजे नक्की कुठपर्यंत झाली? – वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले पाच असे निघाले की विचारणारे पाच गावांचे, पण सगळ्यांच्या दुखण्याचं मूळ एकाच जागी, म्हणजे रॅम आणि डिस्कच्या मधे बसलेल्या ड्रायव्हरपाशी, डिस्कशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. प्रिंटर आणि मोबाईलवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न (वाई): माझा फोटो स्टुडिओ आहे. भाच्याने कॉम्प्युटरवर उबुंटू टाकून दिलंय, रॅम १६ जीबी. लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर देताना ६ जीबीची कॉपी आधी भसाभस पळते, दोनेक जीबी तर डोळ्यादेखत, आणि मग एकदम बैलगाडी. बरं, कॉपी पूर्ण झाली असं दाखवल्यावरच मी पेन ड्राइव्ह काढून गिऱ्हाईकाला दिला तर घरी जाऊन त्यांचा फोन, शेवटचे शंभरेक फोटो उघडतच नाहीत. पेन ड्राइव्ह डुप्लिकेट निघाला का?

उत्तर: डुप्लिकेट असेलही, तसल्या मालाला बाजारात तोटा नाही, पण तुम्ही सांगताय ती लक्षणं अस्सल पेन ड्राइव्हचीसुद्धा असतात. होतं काय, तुम्ही फाईल ओढून पेन ड्राइव्हवर टाकलीत तरी ती आधी तिकडे जातच नाही, ती जाते रॅममध्ये. रॅमचे ४ केबीचे तुकडे असतात, त्यांना पेज म्हणतात, त्या पेजवर लिनक्स ‘डर्टी’ असा शिक्का मारतं, म्हणजे हे अजून खाली उतरवायचं बाकी आहे, आणि कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला लगेच सांगून टाकतं, झालं बाबा तुझं काम. प्रोग्रॅम बिचारा पट्टी पुढे सरकवतो. तुम्हाला वाटतं पेन ड्राइव्ह काय जोरात चाललाय, प्रत्यक्षात रॅममधून रॅममध्येच चाललेलं असतं.

मग मागून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एक कामगार दर ५ सेकंदांनी उठतो, ३० सेकंदांपेक्षा जुनी झालेली डर्टी पेजं गोळा करतो आणि ड्रायव्हरकडे लिहायला पाठवतो. मोकळ्या मेमरीच्या १० टक्के डर्टी झाली की तो वेळेची वाट न बघता कामाला लागतो, आणि २० टक्क्यांच्या आसपास गेली की मात्र लिनक्स कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमलाच धरून ठेवतं, की आधीचं उतरू दे मग पुढचं दे. तुमच्या १६ जीबीत हा आकडा सहज अडीच-तीन जीबीच्या घरात जातो, म्हणून पहिली दोन जीबी पळताना दिसतात आणि मग बैलगाडी. ती बैलगाडी म्हणजेच तुमच्या पेन ड्राइव्हचा खरा वेग, सुरुवातीचा होता तो रॅमचा.

आणि शेवटी पट्टी भरते तेव्हासुद्धा रॅममध्ये दोन-अडीच जीबी उतरायची राहिलेली असतेच. पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबीने लिहीत असेल तर अडीच जीबीला चार मिनिटं लागतात. तुम्ही त्या चार मिनिटांत ड्राइव्ह उपटलात. फाईलींची नावं आणि साईझ बहुतेक आधीच लिहून झालेली होती म्हणून फोल्डर नीट दिसला, आतला माल गेला.

उपाय सोपा आहे. ‘इजेक्ट’ दाबायचं आणि ते ‘आता काढा’ म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. इजेक्टला फारच वेळ लागतोय म्हणून लोक वैतागून उपटतात, पण तो वेळ इजेक्टचा नसतोच, कॉपीचा राहिलेला वेळ तिथे वसूल होत असतो. टर्मिनल उघडायची सवय असेल तर ‘सिंक’ ही कमांड मारायची, ती परत येईपर्यंत चहा घ्यायचा. विंडोजवाले म्हणतील आमच्याकडे असं होत नाही, तर विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून यूएसबीसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच पद्धत मूळची ठेवलीय, त्यात पट्टी जास्त खरं बोलते. त्याआधी तिथेही हाच गोंधळ होता. तरी पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर विंडोजवरही काढू नका, हे माझं मत.

प्रश्न (पुणे): दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओएसच्या लेक्चरला सांगितलं की डीएमए असेल तर डेटा सीपीयूच्या हातून जातच नाही, कंट्रोलर (डिस्क सांभाळणारी चिप) थेट रॅममध्ये टाकतो. मग डिस्कचा ड्रायव्हर करतो तरी काय? व्हायव्हाला नेमकं हेच विचारलं, मी म्हणालो ‘डेटा ट्रान्सफर करतो’, तर सर हसले.

उत्तर: वाईट वाटून घेऊ नकोस, १९८४ साली तू हेच उत्तर दिलं असतंस तर पूर्ण मार्क मिळाले असते. त्या वर्षी आयबीएमचा पीसी एटी आला, ८०२८६ प्रोसेसर आणि २० एमबीची हार्ड डिस्क. त्यात ड्रायव्हर खरंच स्वतःच्या हाताने डेटा वाहायचा. डिस्कला सांगायचं अमुक सेक्टर दे, तिने तो सेक्टर आपल्या बफरमध्ये आणला की आयआरक्यू १४ या लाईनवर इंटरप्ट, म्हणजे सीपीयूला ‘इकडे बघ’ अशी हाक, यायचा, मग सीपीयू डेटाच्या पोर्टमधून एका वेळी दोन बाइट असे २५६ वेळा उचलून रॅममध्ये ठेवायचा, तेव्हा कुठे ५१२ बाइटचा एक सेक्टर हाती. १ एमबी वाचायचं तर असे २०४८ सेक्टर, म्हणजे २०४८ इंटरप्ट आणि सव्वापाच लाख उचलठेव. याला म्हणतात पीआयओ.

आता यातली गंमत पुस्तकात सहसा नसते. त्याच्या आदल्या वर्षीचा, १९८३ चा पीसी एक्सटी हार्ड डिस्कसाठी डीएमएच वापरायचा! म्हणजे आयबीएम डीएमएकडून पीआयओकडे गेली, उलट्या दिशेने. कारण असं की एटीमधली डीएमएची चिप सीपीयूच्या निम्म्या क्लॉकवर चालायची आणि २८६ मध्ये पोर्टमधून ओळीने डेटा उचलायची नवीन इन्स्ट्रक्शन आली होती जी एक्सटीच्या ८०८८ मध्ये नव्हती, त्यामुळे सीपीयूने स्वतः उचललेलं जास्त फास्ट पडायचं. म्हणून ‘डीएमए म्हणजे नेहमीच वेगवान’ असं व्हायव्हाला ठोकून देऊ नकोस, समोरचा म्हातारा असेल तर अडकशील. पुढे नव्वदच्या दशकात डिस्कचा कंट्रोलर स्वतःच बस ताब्यात घेऊन रॅमशी बोलायला लागला आणि तेव्हापासून हमाली सीपीयूकडून गेली ती कायमची.

तर आता ड्रायव्हर काय करतो. मार्केट यार्डात गेला असशील तर गाळ्यावरचा दिवाणजी आठव. तो एक पोतं उचलत नाही. कुठल्या वखारीतून किती पोती आणायची आणि कुठे थप्पी लावायची याची चिठ्ठी तो लिहितो, हमालाला हाक मारतो, आणि पोती पडली की वहीत टिक करतो. ड्रायव्हर म्हणजे हा दिवाणजी, आणि त्याच्या कामातली गोम सगळी चिठ्ठीत आणि टिक करण्यात आहे.

चिठ्ठी वाटते तेवढी सोपी नसते. ड्रायव्हरला फाईल वगैरे काही ठाऊक नसतं, वरच्या फाईल सिस्टीमने फाईलचं रूपांतर आधीच ब्लॉकच्या नंबरांमध्ये केलेलं असतं, ड्रायव्हरकडे येतं ते ‘अमुक ब्लॉकपासून इतके, या या पेजमध्ये टाक’ एवढंच. पण ती पेजं रॅममध्ये एका ओळीत नसतात. १ एमबीला ४ केबीची २५६ पेजं, आणि ती रॅमभर कुठेही विखुरलेली. म्हणून ड्रायव्हर एक यादी बनवतो, या पत्त्यावर इतके बाइट, त्या पत्त्यावर तितके, याला स्कॅटर-गॅदर म्हणतात. शिवाय हे पत्ते सीपीयूला दिसतात तसे देऊन चालत नाहीत, कंट्रोलरला कळतील असे द्यावे लागतात, मधे आयओएमएमयू (कंट्रोलरसाठी पत्ते बदलून देणारा भाग) असेल तर त्याच्यात नोंद करावी लागते, कंट्रोलर जुना असेल आणि त्याला ४ जीबीच्या वरचा पत्ता कळतच नसेल तर खाली एक तात्पुरता बफर घेऊन तिथून कॉपी करावी लागते. आणि काही एआरएम बोर्डांवर तर सीपीयूच्या कॅशेतलं (त्याच्या आतल्या छोट्या मेमरीतलं) आणि रॅममधलं जुळवूनही घ्यावं लागतं, ते विसरलं की दहा हजारांत एकदा जुनाच डेटा हाती येतो आणि तो बग शोधता शोधता माणूस देवधर्माला लागतो.

मग चिठ्ठी द्यायची कशी, ते कंट्रोलरवर आहे. साटा डिस्कच्या एएचसीआय या पद्धतीत एका पोर्टला एकच रांग आणि तिच्यात ३२ चिठ्ठ्या मावतात. २०११ साली नव्या एसएसडींच्या एनव्हीएमई या पद्धतीचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं त्यात रांगाच ६५ हजारांच्या वर ठेवता येतात आणि एकेका रांगेत ६५,५३६ पर्यंत चिठ्ठ्या. एवढ्या कोण ठेवतो म्हणा, पण प्रत्येक सीपीयू कोअरला आपापली रांग मिळते आणि कुणाला कुणाच्या लॉकसाठी थांबावं लागत नाही हा खरा फायदा. तिथे चिठ्ठी असते ६४ बाइटची, ती रांगेत ठेवायची आणि कंट्रोलरच्या एका रजिस्टरमध्ये नवा नंबर लिहायचा, त्या रजिस्टरचं नावच डोअरबेल आहे. बेल वाजवली की ड्रायव्हर मोकळा. ज्या प्रोग्रॅमने डेटा मागितला होता तो झोपलेला असतो, सीपीयू तोवर दुसऱ्याच कुणाचं काम करतो.

पोती पडली की कंट्रोलर पोच देतो. एनव्हीएमईमध्ये १६ बाइटची नोंद वेगळ्या रांगेत येते आणि इंटरप्ट वाजतो. ड्रायव्हर बघतो की ही पोच कुठल्या नंबरच्या चिठ्ठीची, कारण डिस्क दिलेल्या क्रमाने काम करेल असं अजिबात नाही, मग काम नीट झालं की एरर आली ते तपासतो, पत्त्यांची नोंद मोडतो आणि झोपलेल्याला उठवतो. आणि पोच आलीच नाही तर? त्यासाठी प्रत्येक चिठ्ठीमागे एक टायमर लावलेला असतो. त्या टायमरचं पुराण खाली ठाण्याच्या प्रश्नात येतंय.

लिफ्टचा अल्गोरिदम, म्हणजे हेडच्या वाटेत येतील त्या क्रमाने चिठ्ठ्या लावायची पद्धत, परीक्षेला येते म्हणून सांगतो, तो हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीसाठी आहे. ७२०० आरपीएमला एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा, म्हणजे नुसतं सेक्टर डोक्याखाली यायची वाट बघण्यात सरासरी ४ मिलिसेकंद जातात, वर हेड हलवायचा वेळ वेगळा. त्यामुळे चिठ्ठ्या क्रमाने लावल्या की फायदा होतो. एसएसडीला तबकडीच नाही, म्हणून लिनक्समध्ये एनव्हीएमईला बहुतेक ठिकाणी चिठ्ठ्यांचा क्रम लावणाऱ्या शेड्युलरच्या जागी ‘नन’, म्हणजे कुणीच नाही, असं असतं. व्हायव्हाला पुढच्या वेळी इतकंच म्हण: ड्रायव्हर ट्रान्सफर ठरवतो, सुरू करतो आणि संपलं की नाही याची खात्री करतो, वाहतो मात्र कंट्रोलर.

प्रश्न (भोसरी): आमच्या वर्कशॉपमध्ये एका मशीनला जुना एक्सपीचा पीसी जोडलेला आहे, सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं म्हणून बदलता येत नाही. महिन्याभरापासून तो इतका स्लो झालाय की फाईल उघडताना माऊससुद्धा अडकतो. व्हायरस नाही, डिस्क रिकामी आहे, रॅम वाढवून पाहिली. मेकॅनिक म्हणतो डिस्क बदला, पण त्या डिस्कची टेस्ट तर ओके येतेय.

उत्तर: डिस्क बदलायच्या आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात आयडीई (जुन्या डिस्क जोडायची पद्धत) कंट्रोलरखाली प्रायमरी आयडीई चॅनलची प्रॉपर्टी बघा, अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘करंट ट्रान्सफर मोड’ला पीआयओ लिहिलेलं दिसेल अशी माझी ऐंशी टक्के खात्री. दिसलं तर सापडलं.

एक्सपीचा आयडीई ड्रायव्हर जरा भित्रा आहे. ट्रान्सफरमध्ये टाइमआउट (वेळेत उत्तर न येणं) किंवा सीआरसीच्या (वाटेत डेटा बिघडल्याच्या) चुका झाल्या की तो त्या मोजत बसतो, आणि सहा झाल्या की वेग एक पायरी खाली आणतो. परत सहा, परत एक पायरी. असं करत करत अल्ट्रा डीएमएवरून थेट वर पुण्याच्या उत्तरात सांगितलेल्या पीआयओवर येऊन बसतो, की ज्यात सीपीयू स्वतः दोन-दोन बाइट उचलतो, म्हणून तुमचा माऊस अडकतोय, सीपीयू हमाली करतोय. आणि चुका सलग व्हायला लागतात असंही नाही, वर्षभरात पसरून सहा झाल्या तरी तो मोजतोच, तुमचं मशीन वर्षानुवर्षं चालू, कधी ना कधी सहा भरणारच. कागदावर पीआयओचा सगळ्यात वरचा मोड, म्हणजे ‘मोड ४’, दर सेकंदाला १६.६ एमबी देतो, प्रत्यक्षात तेवढंही हाती पडत नाही.

मला यातली खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. केबलमधून येताना डेटा बिघडला तर ओळखता यावं म्हणून सीआरसीची तपासणी आली ती अल्ट्रा डीएमएबरोबर. त्या केबलवर पीआयओमध्ये ही तपासणीच नाही! म्हणजे चुका होतायत म्हणून ड्रायव्हर ‘सुरक्षित’ मोडमध्ये उतरला, आणि तिथे चुका दिसणंच बंद झालं. वेग कमी झाला की सिग्नलला सांभाळून घेणं सोपं जातं हे खरं, पण तरी.

तर करायचं असं. आधी केबल बघा. रुंद पट्ट्याची केबल दोन प्रकारची येते, ४० तारांची आणि ८० तारांची, टोकाचा कनेक्टर दोन्हींचा ४० पिनांचाच, म्हणून घोटाळा होतो. ८० वालीच्या तारा बारीक आणि दाट दिसतात, जास्तीच्या ४० नुसत्या ग्राउंडच्या असतात, शेजारच्या तारेचा त्रास सिग्नलला होऊ नये म्हणून. ३३ एमबीच्या वरच्या वेगाला हीच लागते. वर्कशॉपमध्ये धूळ, तेल, मोटरींचा धडधडाट, केबल बदलूनच टाका, जुन्या बाजारात शंभरेक रुपयांत मिळून जाईल. मग डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनल अनइन्स्टॉल करा, घाबरू नका, आणि पीसी रिस्टार्ट करा. विंडोज ते परत शोधून काढतं आणि चुकांचा आकडा शून्यापासून सुरू होतो. मोड नुसता ड्रॉपडाऊनमधून ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ करून भागत नाही, तो बहुतेक वेळा आधीच तसा असतो. केबल न बदलता नुसतं रीसेट केलंत तर मात्र काही महिन्यांनी परत मला पत्र येईल.

आणि तेवढ्यात त्या डिस्कची अख्खी इमेज काढून ठेवा, डिस्क ओके असली तरी तिचं वय बघा.

प्रश्न (ठाणे): माझा घरचा पीसी मधेच अर्धा-एक मिनिट पूर्ण गोठतो, डिस्कचा दिवा सलग पेटलेला राहतो, मग आपोआप सुरू होतो जसं काही झालंच नाही. दुकानदार म्हणतात विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारू. ऑफिसमधल्या लिनक्स सर्व्हरवरही एकदा असंच झालं होतं आणि तेव्हा तो प्रोग्रॅम किल मारूनही मरेना. हे दोन्ही एकच आहे का?

उत्तर: कूळ एकच. आणि फॉरमॅट मारू देऊ नका, निदान डेटा बाहेर काढेपर्यंत तरी.

मगाशी टायमर म्हणालो तो हा. हार्ड डिस्कवरचा एखादा सेक्टर नीट वाचता येत नसेल तर डिस्क हार मानत नाही, ती परत परत वाचून बघते, हेड किंचित इकडे-तिकडे करून बघते, आणि घरगुती डिस्क तर यात मिनिटभरसुद्धा घालवू शकते. इकडे ड्रायव्हर पोचेची वाट बघत बसलेला. लिनक्समध्ये ती मर्यादा मूळची ३० सेकंद असते. ती संपली की साटाचा ड्रायव्हर डिस्कशी असलेली लिंकच रीसेट करतो, आणि मग राहिलेल्या चिठ्ठ्या परत पाठवतो. डीमेसेगमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ अशी ओळ दिसते ती तीच.

पण एका सेक्टरपायी अख्खा पीसी का गोठावा? एक तर सगळं सी ड्राइव्हवर. दुसरं, साटामध्ये ३२ चिठ्ठ्या एकदम डिस्ककडे गेलेल्या असतात, एनसीक्यू म्हणतात त्याला, आणि त्यातल्या एकीला एरर आली की नियमच असा आहे की डिस्क बाकीच्या सगळ्या सोडून देते, मग ड्रायव्हरने डिस्कचा एररचा लॉग वाचून कुठली चिठ्ठी नापास झाली ते शोधायचं आणि बाकीच्या नव्याने द्यायच्या. एकाच्या वरातीत सगळे अडकले. एनएएससाठीच्या (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यासाठीच्या) डिस्कमध्ये म्हणूनच ७ सेकंदांत ‘नाही जमत’ असं सांगून मोकळं व्हायची सोय असते, कारण तिथे रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या मांडणीत, दुसरी प्रत असतेच, अडून बसण्यात अर्थ नसतो. रेड लावायची असेल तर साधी स्वस्त डिस्क घेऊ नका असं म्हणतात त्याचं एक मोठं कारण हे, नुसता कंपन्यांचा धंदा नाही.

तो प्रोग्रॅम मरत का नव्हता, तर तो ‘डी’ स्टेटमध्ये असणार, म्हणजे डिस्कची वाट बघत झोपलेला आणि सिग्नललाही न उठणारा. चिडायला होतं, पण विचार करा, त्याच्या मेमरीच्या पत्त्याची चिठ्ठी हमालाच्या हातात आहे. आत्ता प्रोग्रॅम मारून ती मेमरी दुसऱ्याला दिली आणि मागून कंट्रोलरने तिथे पोती आणून टाकली तर? नव्या मालकाचा डेटा बरबाद. म्हणून चिठ्ठी परत येईपर्यंत किंवा रीसेट होऊन नक्की रद्द होईपर्यंत ती पेजं सोडता येत नाहीत.

तुमच्या पीसीवर आता इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडा. १२९ नंबरचा इव्हेंट म्हणजे ड्रायव्हरने रीसेट मारला, १५३ म्हणजे परत प्रयत्न करावा लागला, ७ म्हणजे ब्लॉक खराब. मग कुठल्याही फुकट टूलने स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते) आकडे बघा. ५ आणि १९७ या नंबरांच्या ओळीत आकडा असेल आणि वाढत असेल तर डिस्क चालली, १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, साटा केबल किंवा तिचा कनेक्टर. हा फरक दुकानात फार कमी वेळा बघितला जातो. डिस्क चाललीच असेल तर नेहमीसारखं कॉपी-पेस्ट करत बसू नका, प्रत्येक खराब सेक्टरपाशी वरचं सगळं रामायण होईल, लिनक्सच्या लाईव्ह पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवा, ते आधी वाचता येतंय तेवढं पटापट काढून घेतं आणि कठीण जागांवर शेवटी परत येतं.

प्रश्न (न्यू जर्सी): मी मूळची साताऱ्याची, इथे डेटाबेस सांभाळते. वाईच्या फोटोवाल्यासारखं डेटाबेसचंही होऊ शकतं का? की एफसिंक केलं की निर्धास्त?

(वाईचा प्रश्न आम्ही आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी टाकला होता, तिथून हा उपप्रश्न आला.)

उत्तर: ताई, बरंच निर्धास्त, पण पूर्ण नाही. एफसिंक, म्हणजे ‘ही फाईल आत्ताच डिस्कवर उतरव’, असं म्हटलं की त्या फाईलची डर्टी पेजं ड्रायव्हरकडे जातात, त्यांची पोच येते, आणि तेवढ्यावर थांबत नाही, कारण डिस्कच्या पोटातही एक रॅम असते आणि डिस्क तिथे माल आला की पोच देऊन मोकळी होते, खरं लिखाण मागून. म्हणून ड्रायव्हर वर एक ‘फ्लश कॅशे’ची, म्हणजे पोटातलं सगळं लिहून टाक अशी, कमांड पाठवतो. तिची पोच आली की मगच डेटाबेसला ‘झालं’. आमच्याकडे वळवाच्या पावसात लाईट गेली तरी बँकेची एंट्री राहते ती या एका कमांडच्या जिवावर. डिस्कनेच फ्लशला खोटं ‘हो’ म्हटलं तर मात्र वरचे सगळे हतबल.

आणि २०१८ मधलं पोस्टग्रेस या डेटाबेसचं आणि लिनक्सचं प्रकरण तुम्हाला माहीत असेलच, इतरांसाठी सांगतो. लिहिताना डिस्कने एरर दिली तर एफसिंक ती वर सांगतं, ठीक. पण लिनक्स त्याबरोबर ती पेजं ‘स्वच्छ’ झाली असा शिक्का मारून मोकळं व्हायचं. पोस्टग्रेसचा समज असा की एफसिंक फसलं तर थोड्या वेळाने परत करू. परत केलं की लिनक्स म्हणायचं काही बाकी नाही, सगळं ओके! डेटा गेलेला, आणि हातात पोच. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. २०१९ च्या सुरुवातीला पोस्टग्रेसने पवित्रा बदलला, एफसिंक फसलं की सरळ कोसळायचं आणि उठल्यावर बदलांच्या लॉगवरून सगळं परत लिहायचं. उद्धट वाटतं, पण बरोबर आहे. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर आधी ती बदला.

प्रश्न (लातूर): नवीन लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही, ‘ड्राइव्ह सापडला नाही’ म्हणतो. बायोसमध्ये मात्र ५१२ जीबीची एसएसडी दिसते. लॅपटॉप परत करू का?

उत्तर: नका करू. इंटेलचा अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर असणार. अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते, तिच्यामुळे एसएसडी विंडोजला थेट दिसत नाही, व्हीएमडीच्या आडून दिसते, आणि तिच्याशी बोलणारा ड्रायव्हर इन्स्टॉलरच्या पेन ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा नसतो. दिवाणजीच नाही तर चिठ्ठी कोण लिहिणार. लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो उलगडून फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका आणि त्याच स्क्रीनवरच्या ‘लोड ड्रायव्हर’मधून तो दाखवा, डिस्क लगेच येते.

दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचा, नव्याने विंडोज टाकताय तर चालेल. आधीचं चालू विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कुणी हे करू नका, सुरू होताना निळा स्क्रीन येईल, जुन्या पीसीत आयडीईचं एएचसीआय केल्यावर यायचा तोच, ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’वाला. आला तर घाबरायचं नाही, सेटिंग होतं तसं परत केलं की गाडी रुळावर. फक्त बायोसमधून बाहेर पडताना सेव्ह करा, मी एकदा ते न करताच अर्धा तास ड्रायव्हरला शिव्या देत बसलो होतो.